रिकामी खोबण आणि धूर : राऊ–इंदूर परिसरातील एका पथ्याचा इतिहास

दात काढल्यावर जबड्यात जी पोकळी उरते तिला खोबण म्हणतात. काही मिनिटांत ती रक्ताने भरते, रक्त गोठते आणि त्या गुठळीच्या आधाराने हाड व हिरडी भरून येऊ लागते. गुठळी टिकली तर जखम बरी होते. ती निघाली किंवा वेळेआधी विरघळली तर आतले हाड उघडे पडते आणि आधीच्या दातदुखीपेक्षाही मोठी कळ सुरू होते. गुठळी बिघडवणाऱ्या कारणांत विडी-सिगारेटचा धूर हे मोठे कारण आहे. म्हणूनच दात काढल्यावर निदान तीन दिवस, आणि शक्यतो आठवडाभर, धूम्रपान करू नये असे पथ्य आज प्रत्येक दंतवैद्य सांगतो.

हे पथ्य आजच्या रूपात फार जुने नाही. कित्येक शतके धूर हा दाताचा वैरी नव्हे, दातावरचे औषध मानला जात होता. त्या समजुतीपासून आजच्या पथ्यापर्यंतची वाटचाल ज्या भूभागात नीट पाहता येते, त्यात माळव्यातले राऊ येते. इंदूरच्या नैर्ऋत्येला दहा-बारा किलोमीटरवर, जुन्या आग्रा–मुंबई रस्त्यावर, महूच्या वाटेवर हे गाव आहे. होळकरांच्या राज्यामुळे या टापूत मराठी कुटुंबे, मराठी घरगुती औषधे आणि मराठी समजुती आल्या, आणि त्या माळव्याच्या रीतिभातींत मिसळल्या. छावणी, रेल्वे, वैद्यकीय शाळा आणि अखेरीस दंतमहाविद्यालय यांपैकी प्रत्येकाने तोंडाच्या आरोग्याबद्दलच्या समजुती थोड्याथोड्या बदलल्या.

ग्रंथांतला धूर

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत धूम्रपान हा रोजच्या दिनचर्येचा आणि उपचाराचा भाग आहे. त्यात तंबाखू नव्हती, कारण ती वनस्पती तेव्हा भारतात नव्हतीच. सुगंधी व औषधी द्रव्यांचा लगदा बोरूसारख्या काडीवर थापून वाळवीत, मग काडी काढून उरलेल्या पोकळ वातीला तूप लावून ती नळीतून ओढीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात असा धूर घेण्याचे आठ समय सांगितले आहेत आणि दात घासल्यानंतरची वेळ त्यांपैकी एक आहे. या धुराने ज्या तक्रारी दूर होतात असे म्हटले आहे, त्यांत दातांचा कमकुवतपणा, दातदुखी आणि मुखदुर्गंधी येतात. सुश्रुतसंहितेनेही चिकित्सास्थानात धूम, नस्य आणि गुळण्या यांसाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे.

मात्र हा धूर सरसकट कोणालाही द्यायचा नव्हता. चरकाने धूर वर्ज्य असलेल्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात रक्तस्राव होत असलेल्या माणसाचा समावेश आहे. दात काढल्यानंतरच्या जखमेचा तिथे वेगळा उल्लेख नाही. तरीही वाहते रक्त आणि धूर यांची सांगड घालू नये हा विचार त्या काळी होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दात काढण्याबद्दल सुश्रुताची भूमिका सावध होती. जादा उगवलेला दात काढून त्या जागी डाग द्यावा असे तो सांगतो; जखम उघडी ठेवू नये हे यामागचे धोरण दिसते. वरच्या जबड्यातला दात मात्र हलत असला तरी वैद्याने काढू नये, कारण रक्त अति वाहून डोळा जाण्याची किंवा तोंड वाकडे होण्याची भीती आहे, असा इशारा त्याने दिला. वरची दाढ काढली की नजर जाते ही समजूत महाराष्ट्रात आणि माळव्यात आजही ऐकू येते. आधुनिक शरीरशास्त्राला तिच्यात तथ्य आढळलेले नाही. पण जुन्या वैद्यांचे लक्ष दातापेक्षाही दात गेल्यानंतरच्या रक्ताकडे होते, एवढे तिच्यावरून कळते. पुढे लोकव्यवहारात नजर जाण्याची भीती तेवढी उरली आणि रक्त जपण्याचा भाग विसरला गेला.

कीड पाडणारा धूर

सामान्य माणसाला परिचित असलेला धूर ग्रंथातला नव्हता. तो होता रिंगणीच्या बियांचा. दात किडतो म्हणजे त्यात खरोखरच किडा शिरतो, ही कल्पना बाबिलोनपासून चीनपर्यंत जगभर पसरली होती. मराठीत आजही दाताला ‘कीड लागते’, हिंदीत ‘कीड़ा लगता है’. भुईरिंगणी किंवा काटेरिंगणी ही काटेरी, जमिनीलगत पसरणारी वनस्पती महाराष्ट्रात आणि माळव्यात माळरानावर सहज सापडते. तिच्या वाळक्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, वर नळी किंवा फुटके मडके उपडे धरायचे आणि तो धूर दुखऱ्या दाढेवर घ्यायचा, अशी ही धुरी असे. धुरीनंतर लाळ गळे, दुखणे काही वेळ दबल्यासारखे वाटे, आणि खाली पडलेले बारीक पांढरे कण किडे म्हणून दाखवले जात.

युरोपात हाच प्रयोग खुरासानी ओव्याच्या जातीच्या वनस्पतीच्या बियांनी होत असे. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दातातल्या किड्याच्या कल्पनेवर शंका घेतली. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही त्याला असा किडा आढळला नव्हता. ही शंका खेड्यापाड्यांत पोहोचायला फार काळ जावा लागला.

या धुरीचा सर्वांत टिकाऊ परिणाम म्हणजे तिने घडवलेली सवय. दाढ दुखली की धूर घ्यायचा, हे लोकांच्या मनात पक्के बसले. तंबाखू आली तेव्हा तिला ही जागा तयारच मिळाली.

तंबाखूचे आगमन

पोर्तुगीजांनी तंबाखू पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि तिथून ती दख्खनेत पसरली. अकबराचा दूत असद बेग १६०४–०५ च्या सुमारास विजापूरहून परतताना तंबाखू व नक्षीदार चिलीम घेऊन गेला आणि बादशहासमोर ती पेटवली गेली, हा प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. दरबारच्या हकिमांनी अपरिचित द्रव्याला हरकत घेतली. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, पण ती टिकली नाही. दख्खन आणि उत्तर हिंदुस्थान यांना जोडणारे रस्ते माळव्यातून जात होते. व्यापारी, शिपाई आणि बैरागी यांच्याबरोबर चिलीम या वाटांवर फिरली. सरदारांच्या वाड्यात हुक्का, मध्यम घरात गुडगुडी आणि कष्टकऱ्याच्या हाती चिलीम, अशी तिची पायरीपायरीने विभागणी झाली.

मराठी घरांत तंबाखूचे आणखी एक रूप रुजले. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दात-हिरड्यांवर चोळायची. हीच मशेरी. ज्यांना विडी-चिलीम ओढणे शोभत नाही असे मानले जाई, त्या बायकांमध्येही मशेरी सर्रास चाले, कारण ती व्यसन म्हणून नव्हे, दात घासण्याचे साधन म्हणून ओळखली जात होती. निकोटिनमुळे हिरडी काही वेळ बधिर झाल्यासारखी वाटते. तेवढ्यावर मशेरीने दात मजबूत होतात ही समजूत टिकून राहिली. दाढ दुखल्यावर तंबाखूची चिमूट तिथे दाबून धरणे आणि दाढ काढल्यावर त्याच जागी मशेरी भरणे, या दोन्ही गोष्टी याच समजुतीतून आल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी विडीचा धंदा वाढला. तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीच्या जातीच्या झाडाची, पाने मध्य भारताच्या जंगलांत विपुल होती. पुढे मध्य प्रदेश सरकारने १९६४ साली कायदा करून तेंदूपत्त्याचा व्यापार आपल्या हाती घेतला. आजही या पानांच्या उत्पादनात हे राज्य अग्रेसर आहे. सिगारेटचा कारखानदारी पसाराही याच काळातला; इंपीरियल टोबॅको कंपनी कोलकात्यात १९१० मध्ये स्थापन झाली. चिलीम भरायला वेळ आणि बैठक लागत असे. विडी खिशात मावते आणि केव्हाही पेटते. दात काढून आलेल्या माणसाच्या हाती तासाभरात धूर देणारे साधन त्यामुळे प्रथमच आले.

दात काढणारे हात

गावात दात काढण्याचे काम बहुधा न्हाव्याकडे असे. वस्तरा, नराणी आणि चिमटा ही हत्यारे त्याच्याकडे होती आणि किरकोळ शस्त्रक्रिया त्याच्या कसबात मोडत. गावोगाव फिरणारे वैदू जडीबुटी देत, तुंबडी लावीत आणि दातही काढीत. घरी हलता दात दोऱ्याला बांधून उपटला जाई. बधिर करण्याचे औषध नव्हते. माळवा हा अफूचा मुलूख असल्याने वेदनेवर अफू हाताशी होती. दात निघाल्यावर हळद, मीठ, तुरटी किंवा लवंग त्या जागी दाबत. यांपैकी लवंगेचा उपयोग आधुनिक दंतवैद्यकानेही मान्य केला. तिच्या तेलातले युजेनॉल हे द्रव्य वेदना कमी करते आणि ते आजही दवाखान्यात वापरले जाते.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले आणि त्याच सुमारास महूला इंग्रजांची छावणी पडली. राऊ या दोहोंच्या मध्ये आले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि १८७० च्या दशकात खंडवा–इंदूर हा होळकर स्टेट रेल्वेचा मार्ग झाला. तो महू आणि राऊवरूनच इंदूरला पोहोचतो. १८७८ मध्ये इंदुरात वैद्यकीय शाळा निघाली. देशातल्या जुन्या वैद्यकीय शाळांत तिची गणना होते. पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली आणि १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

त्या काळात जगभर दात काढण्याचे तंत्र बदलत होते. १८४६ मध्ये बोस्टनच्या विल्यम मॉर्टन याने ईथर देऊन दात काढला. १८८४ मध्ये कोकेनने जबड्याची नस बधिर करता येते हे दिसून आले, १९०५ च्या सुमारास प्रोकेन आले आणि १९४८ पासून लिग्नोकेन बाजारात आले. वेदनेची भीती कमी झाल्यावर दात काढणे घाईचे काम राहिले नाही. हाड, मूळ आणि खोबण यांकडे सावकाश पाहणे शक्य झाले.

छावणीतही हा बदल उशिराच आला. ब्रिटिश सैन्याचे स्वतंत्र दंतपथक १९२१ मध्ये स्थापन झाले आणि भारतीय सैन्याचे १९४१ मध्ये. तोपर्यंत शिपायाचा दात हे सामान्य डॉक्टरचेच काम होते. दोन्ही महायुद्धांत सैनिकाच्या शिध्यात सिगारेट असे आणि जखमी माणसाला सिगारेट देणे हा दिलासा समजला जाई. ज्या व्यवस्थेने दंतपथक उभे केले तिनेच धूरही पुरवला, कारण या दोहोंचा संबंध अजून कोणी जोडला नव्हता.

भारतात दंतशिक्षणाचा पाया डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात घातला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी सक्तीची केली आणि अनुभवावर काम करणाऱ्या बिनपदवीच्या जुन्या मंडळींसाठी नोंदवहीत वेगळा भाग ठेवला. परंपरागत धंदा आणि नवे शास्त्र यांच्यातला तो पूल होता. इंदुरात शासकीय दंतमहाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले आणि पुढे राऊतही दंतमहाविद्यालय व त्याचे रुग्णालय उभे राहिले. जिथे दाढेसाठी न्हाव्याची वाट पाहावी लागे, तिथे आता दात काढण्याचे शिक्षण मिळते.

कोरड्या खोबणीचा शोध

दात व्यवस्थित काढला, तरी दोन-तीन दिवसांनी काही रुग्ण असह्य कळ घेऊन परत येतात, हे दात काढणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक असणार. या अवस्थेचे शास्त्रीय वर्णन अमेरिकन दंतवैद्य जेम्स क्रॉफर्ड याने १८९६ मध्ये केले आणि ‘ड्राय सॉकेट’ हे नाव रूढ झाले. गुठळी नाहीशी होऊन खोबण कोरडी पडते आणि करडे हाड दिसते, यावरून हे नाव आले. कळ कानशिलापर्यंत जाते, तोंडाला घाण वास येतो आणि नेहमीच्या गोळ्यांनी आराम पडत नाही. साध्या दाताच्या बाबतीत हा त्रास शंभरात एक ते पाच जणांना होतो. खालच्या अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर काही पाहण्यांत हे प्रमाण तीसपर्यंत गेलेले आढळते.

हे का होते, यावर अनेक दशके मतभेद होते. कोणी जंतूंना दोष देई, कोणी दात काढताना हाडाला बसलेल्या धसक्याला. डेन्मार्कच्या हान्स बिर्न याने १९७३ मध्ये मांडले की दुखावलेल्या हाडातून निघणारी द्रव्ये गुठळीतले तंतू विरघळवतात. यामुळे सगळे लक्ष गुठळीवर आले. गुठळी टिकते कशाने आणि जाते कशाने, हा प्रश्न एकदा पुढे आल्यावर धुराची चौकशी होणे क्रमप्राप्त होते.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये दाखवला होता. दाताच्या खोबणीकडे ही चौकशी १९७० च्या दशकाच्या अखेरीस वळली. स्वीट आणि बटलर या अमेरिकन संशोधकांनी खालच्या ४०० अक्कलदाढा काढल्यानंतरच्या नोंदी तपासल्या. सिगारेट न ओढणाऱ्यांत कोरड्या खोबणीचे प्रमाण २.६ टक्के होते, तर दिवसाला अर्धे पाकीट ओढणाऱ्यांत १२ टक्के. पूर्ण पाकीट ओढणाऱ्यांत ते २० टक्क्यांच्या वर गेले आणि शस्त्रक्रियेच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सिगारेट ओढलेल्यांत ४० टक्क्यांवर पोहोचले. या शेवटच्या आकड्यातूनच आजचे पथ्य निघाले. माणूस किती ओढतो याइतकेच, दात काढल्यानंतर किती लवकर ओढतो हेही महत्त्वाचे, असे त्यातून दिसून आले.

१९८८ मध्ये ब्रिटनमध्ये मीचन आणि सहकाऱ्यांनी दात काढल्याबरोबर खोबण कितपत रक्ताने भरते हे पाहिले. धूम्रपान करणाऱ्यांच्या खोबणी कमी भरल्या आणि त्यांच्यात दुखऱ्या खोबणीचे प्रमाणही जास्त आढळले. म्हणजे दात काढल्यावर सिगारेट पेटवण्याआधीच जुन्या सवयीने नुकसान केलेले असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र केल्यावर धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण १३.२ टक्के आणि न करणाऱ्यांत ३.८ टक्के निघाले.

धूर नेमके काय करतो

धुराचे नुकसान चार वाटांनी होते. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि खोबणीला रक्त कमी मिळते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, त्यामुळे जखमेला प्राणवायू अपुरा पडतो. गरम धूर आणि त्यातली द्रव्ये ताज्या जखमेला थेट लागतात. आणि झुरका घेताना तोंडात जी ओढ निर्माण होते, ती गुठळीला जागेवरून हलवू शकते. याच चौथ्या कारणासाठी दात काढल्यावर स्ट्रॉने पेय ओढू नये, जोरात थुंकू नये आणि पहिल्या दिवशी खळखळून चूळ भरू नये असेही सांगतात.

मोठे अभ्यास मुख्यतः सिगारेटवर झाले आहेत. माळव्यात आणि महाराष्ट्रात मात्र विडी, चिलीम, हुक्का आणि मशेरी यांचाही विचार करावा लागतो. तेंदूचे पान कागदासारखे सलग जळत नाही. विडी विझू नये म्हणून सिगारेटपेक्षा जास्त वेळा आणि जोर लावून ओढावी लागते. चिलमीचा दम तर छाती भरून घेतात आणि हुक्क्यात धूर पाण्यातून खेचावा लागतो. ओढ हे गुठळीचे एक संकट असेल, तर ही साधने सिगारेटपेक्षा सौम्य मानायला काहीच आधार नाही. धूर पाण्यातून गाळून येतो म्हणून हुक्का निरुपद्रवी, ही समजूतही इथे उपयोगाची नाही, कारण निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड पाण्यात पूर्णपणे अडकून राहत नाहीत. मशेरी आणि मळलेली तंबाखू यांत धूर नसला तरी निकोटिन असतेच, आणि त्यांचे कण उघड्या खोबणीत अडकून जखम चिघळवतात.

पथ्याचे आजचे रूप

राऊ–इंदूर भागातल्या दवाखान्यातून दात काढून निघालेल्या रुग्णाला आज जे सांगितले जाते, त्याचा क्रम सगळीकडे जवळपास सारखाच आहे. कापसाचा किंवा जाळीचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरावा. पहिले चोवीस तास चूळ भरू नये. नंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात. विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा आणि मशेरी निदान ७२ तास आणि शक्यतो आठवडाभर टाळावी. आठवड्याभरात गुठळीच्या जागी नवे मांस धरू लागते, तीन-चार आठवड्यांत हिरडी बहुतांशी मिटते आणि हाड भरायला काही महिने लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळ कमी होण्याऐवजी वाढली तर घरगुती इलाज न करता परत जावे. दंतवैद्य खोबण धुऊन तिच्यात लवंगेच्या तेलाचे औषध भरतो आणि बहुतेकांना लवकर आराम पडतो. खोबण कित्येक आठवडे भरतच नसेल तर तपासणी टाळू नये, कारण तंबाखू सेवन करणाऱ्याच्या तोंडातली न भरणारी जखम कर्करोगाचीही असू शकते.

कायद्यानेही या काळात दिशा बदलली. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा आणला, २००३ च्या कायद्याने सर्व तंबाखूजन्य पदार्थ कक्षेत घेतले आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाची बंदी देशभर लागू झाली. गुटख्यावर बंदी घालण्यात २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही बंदी घातली. तरीही २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीत मध्य प्रदेशातले ३४.२ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. देशाचे प्रमाण २८.६ आणि महाराष्ट्राचे २६.६ टक्के होते. म्हणजे या भागात दात काढायला येणाऱ्या प्रत्येक तीन प्रौढांमागे सुमारे एकाला या पथ्याची थेट गरज आहे.

हे पथ्य पाळायला अवघड जाते त्याचे एक कारण व्यसन आहे आणि दुसरे जुनी समजूत. दाढ दुखली की धूर, हे नाते रिंगणीच्या धुरीपासून मशेरी-विडीपर्यंत अनेक पिढ्यांनी जपले. त्या धुराचे लक्ष्य नेहमी दात हेच होते: त्यातला किडा मारायचा, त्याची कळ दाबायची. दात गेल्यावर मागे उरलेल्या खोबणीचा विचार त्यात नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोबणीकडे आणि विसाव्याच्या उत्तरार्धात तिच्यातल्या गुठळीकडे लक्ष गेले, तेव्हा कुठे धुराचा खरा परिणाम कळला. रक्तस्राव होत असलेल्याने धूर घेऊ नये हा चरकाचा जुना इशारा आणि आजच्या दंतवैद्याची सूचना यांची कारणमीमांसा वेगळी आहे. उघड्या जखमेपासून धूर दूर ठेवावा, हे दोघांचेही सांगणे आहे.